एका मैलामागची चाळीस वर्षं

इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंड : जुलै १९५९

जुलै आहे म्हणून छत्री घेऊन आला असाल, तर ती बाहेरच ठेवा. इथे जुलै म्हणजे ऐन थंडी. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं हे जवळजवळ शेवटचं टोक. पुढे सामुद्रधुनी, मग स्टुअर्ट बेट आणि त्यानंतर थेट अंटार्क्टिका. वारा येतो तो तिकडूनच, आणि तुमच्या पुण्याच्या स्वेटरला तो अजिबात जुमानत नाही.

बेनफील्ड रोडवरच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवा असतो. शिरा आत. या प्रवासाची अट एकच आहे : बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा, पण कशालाही हात लावायचा नाही. घरी जुनी फियाट किंवा जावा उभी असलेल्यांना ही अट जरा जड जाईल.

आत हर्बर्ट जेम्स मन्रो आहे. सगळे त्याला बर्ट म्हणतात. वय ६०. ही शेड म्हणजेच त्याचं घर. झोपायला एक पलंग, आणि झोपेतून उठल्यावर पहिली नजर पडावी अशा दोन मोटरसायकली. त्यांतली १९३६ची व्हेलोसेट तशी तरुण. दुसरी १९२०ची इंडियन स्काउट. नाव इंडियन असलं तरी जन्म अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. तिच्याकडे नीट पाहा, कारण कारखान्यातून निघालेली गाडी आता त्यात फारशी उरलेली नाही.

आज पिस्टन ओतायचा आहे. विकत का घेत नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जो पिस्टन त्याला हवा आहे तो जगात कुठेच विकत मिळत नाही, म्हणून. चाळीस वर्षांपूर्वीचं इंजिन कारखान्याने कधी स्वप्नातही पाहिलं नसेल इतक्या वेगाने फिरवायचं, तर सुटे भाग घरीच जन्माला घालावे लागतात. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळतंय. साचा म्हणून जुना पत्र्याचा डबा. धातूवर साय धरते ती बाजूला सारायची, आणि मग एका धारेत, न थांबता ओतायचं. मध्ये हात थबकला तर आधीचा थर गोठतो, दोन थरांमध्ये शिवण राहते, आणि ती शिवण पुढे बरोबर नको त्या क्षणी उघडते.

ओतून झाल्यावर घाई नाही. गोळा थंड होऊ द्यायचा, साच्यातून काढायचा आणि कानस हातात घ्यायची. खरा खेळ इथे सुरू होतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणजे थंड असताना अगदी चपखल बसणारा पिस्टन इंजिन तापलं की सिलिंडरमध्ये आवळून अडकणार आणि गाडी भर वेगात चाक धरणार. उलट, जास्त मोकळा ठेवला तर दाब गळणार, पिस्टन भिंतीवर आपटत राहणार. या दोन संकटांच्या मधली जागा केसाइतकी, आणि ती शोधायला बर्टकडे हत्यार कोणतं? चाकाचा एक जुना स्पोक. तोच त्याचा मायक्रोमीटर. स्पोकवर माप धरायचं, उरलेलं बोटांना विचारायचं. दोन हात कानस मारायचे, पुसायचं, घालून बघायचं, काढायचं, पुन्हा दोन हात. तुम्ही पाहत उभे आहात आणि कंटाळलात, हे साहजिक आहे. कंटाळला नाही तो एकटा बर्ट.

अलीकडे त्याच्या छातीत कळ येऊ लागली आहे. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्याने उठणारी कळ. १९५९ सालच्या डॉक्टरकडे यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी आहे आणि दगदग करू नका हा सल्ला आहे. याहून फार काही नाही. बायपास शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. गोळी घेणं सोपं आहे. सल्ल्याचं काय करायचं, हे प्रत्येक रुग्ण आपापलं ठरवतो. बर्टने काय ठरवलं ते तुमच्यासमोर कानस मारत बसलं आहे.

तेच गाव : १९२०

आता एकोणचाळीस वर्षं मागे या. बर्ट २१ वर्षांचा आहे, आसपासच्या शेतावर वाढलेला, आणि त्याच्यासमोर कोरी करकरीत स्काउट उभी आहे. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने काढलेलं डिझाइन. इंग्रजी ‘व्ही’सारखी दोन सिलिंडर, ६०० सीसी, कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. त्या काळच्या खडीच्या रस्त्यांवर एवढा वेग कुणालाही पुरला असता. बर्टला तो सहा वर्षं पुरला.

१९२६पासून त्याने इंजिनाला हात घातला, तो काढलाच नाही. मूळ इंजिन साइड-व्हॉल्व्ह जातीचं. झडपा सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण आडवळणाने आत येणार, जळालेला धूर आडवळणानेच बाहेर पडणार. साधं, टिकाऊ, पण दमछाक होणारं. बर्टने पुढे झडपा डोक्यावर नेल्या, म्हणजे इंजिनाला सरळ श्वास घेता येऊ लागला. दोन कॅम होते, त्याने चार केले. सिलिंडर बिडाच्या जुन्या पाइपातून. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलमधून, हाताने करवतून, कानसून, वर पाणी देऊन. क्लच, फ्लायव्हील, तेल पोचवण्याची व्यवस्था, सगळं घरचं.

दिवसा तो मोटरसायकली विकायचा. रात्री घरी येऊन इंजिन उघडायचा, कधी सकाळपर्यंत, आणि तसाच पुन्हा कामावर. १९२७ साली लग्न झालं, चार मुलं झाली, १९४७ साली घटस्फोट झाला. या वर्षांचा आणि त्या रात्रींचा संबंध कसा लावायचा ते तुम्ही ठरवा. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. ते कुणीतरी भरलेलं असतंच.

ओरेटी किनारा : १९५७

गावाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर ही वाळू. ओहोटी लागली की किनाऱ्यावर मैलोन्‌मैल सपाट, ओला, कठीण पट्टा उघडा पडतो. सरकारने आखलेला नाही, भरतीने रोज नव्याने सारवलेला. वेळ मात्र समुद्र ठरवतो. शर्यत सकाळी दहाला ठेवायची की दुपारी तीनला, हे पंचांग पाहिल्यासारखं भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायचं.

बर्टने इथे या वर्षी ताशी १३१.३८ मैल गाठले आहेत. किलोमीटरमध्ये २११. हा आकडा किती अवघड आहे हे कळायला थोडं गणित हवं. गाडी हवा कापत जाते. वेग दुप्पट करायचा, तर हवेशी झगडायला लागणारी ताकद दुप्पट होऊन भागत नाही, आठपट लागते. ५५ मैलांची गाडी तशाच उघड्या अंगाने, पुढे ती जिथवर जाणार आहे त्या १८४ मैलांवर न्यायची म्हटली, तर ताकद सुमारे सदतीसपट हवी. ती काही जुन्या इंजिनातून निघत नाही. म्हणून दोन्हीकडून वेढा घालायचा : इंजिनातून ताकद वाढवायची आणि गाडीला माशासारखं निमुळतं कवच घालून हवेचा विरोध कमी करायचा.

आणि ताकद हवी तर इंजिन जास्त फेऱ्यांनी फिरवायचं, इथे आणखी एक मेख. फेऱ्या दुप्पट केल्या, की कनेक्टिंग रॉडवरचा हिसका चौपट होतो. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली खेचला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा. जो रॉड कारखान्याने हळू फिरण्यासाठी केला, तो इथे कडकन मोडतो आणि मोडताना सिलिंडर, पिस्टन, केसिंग, जे आड येईल ते घेऊन जातो. मग शेडमध्ये परत. तुकडे टेबलावर मांडायचे, पहिला तडा कुठून गेला ते शोधायचं, त्या जागी धातू वाढवायचा किंवा कोपरा गोल करायचा, आणि पुन्हा कानस.

हे एकदा-दोनदा घडत नाही. वर्षानुवर्षं घडतं. पंचविशीतल्या पोराने दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाडी विकून नवी घेतली असती, आणि त्यात काही चूकही नव्हतं. बाजारात याहून कितीतरी वेगवान यंत्रं आली होती. पण एकच इंजिन तीस वर्षं उघडत राहिलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते नव्या यंत्राच्या मालकाला ठाऊक नसतं : हे कुठे मोडतं, का मोडतं, मोडण्याआधी कसा आवाज करतं. म्हातारपणी वेळ थोडा उरतो म्हणतात. शेडमध्ये उलटं दिसतं. कामावर जायची घाई संपलेली, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं वय उलटलेलं, आणि अख्खा दिवस एका झडपेला देता येतो. तरुणाकडे हा ऐवज नसतो.

बॉनव्हिल, युटा : ऑगस्ट १९६२

डोळ्यांवर हात धरा. समोर जे पांढरं आहे ते बर्फ नव्हे, मीठ. इथे एकेकाळी प्रचंड सरोवर होतं, ते आटलं आणि मागे ही खारट, सपाट पाटी राहिली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच, वेंडोव्हर गावाच्या जवळ. झाड नाही, टेकाड नाही. १९४९पासून दर ऑगस्टमध्ये जगभरातले वेगवेडे इथे जमतात. मिठावर काळी रेघ आखलेली असते; ती धरून जायचं, एवढाच रस्ता.

बर्ट आधी एकदा इथे नुसतं बघायला येऊन गेला होता. आता ६३व्या वर्षी तो आपली ४२ वर्षांची गाडी घेऊन आला आहे, पॅसिफिक ओलांडून. आजूबाजूला पैसेवाले संघ, चकचकीत ट्रेलर, हत्यारांच्या पेट्या. त्यांच्यामध्ये घरी बनवलेल्या लाल कवचात हे लांबुळकं यंत्र. त्यात बसायचं नसतं, पालथं पडायचं असतं : हनुवटी टाकीजवळ, पाय मागे ताणलेले. साठी उलटलेल्या पाठीला काय वाटत असेल ते तुम्हीच समजा. गाडी जागेवरून उचलण्यासाठी मागून ढकलावी लागते. ढकलणारी माणसं कालपरवाची ओळख झालेली. यंत्र एकट्याने बांधता येतं, पण ते सुरू करायला चार हात लागतात, आणि इथे ते मागावे लागत नाहीत.

इंजिन आता ८५० सीसीचं आहे. विक्रम लिहिला जातो : ताशी १७८.९५ मैल, ८८३ सीसीपर्यंतच्या वर्गात.

इथे गोष्ट संपली असती तर छान चित्रपट झाला असता. २००५ साली तो झालाही, अँथनी हॉपकिन्सला घेऊन. पण बर्ट घरी जातो, इंजिन उघडतो, ९२० सीसी करतो. १९६६मध्ये मोठ्या वर्गात, हजार सीसीपर्यंतच्या, १६८.०७ मैलांचा विक्रम करतो. आकडा आधीपेक्षा कमी. मग ९५० सीसी.

बॉनव्हिल : ऑगस्ट १९६७

बर्ट ६८ वर्षांचा. गाडी ४७ची. याच वर्षीच्या मे महिन्यात तिकडे क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो या सर्जनने पायातली शीर काढून हृदयाच्या रक्तवाहिनीला वळसा द्यायची शस्त्रक्रिया केली आहे. छातीत कळ येणाऱ्या माणसांसाठी पुढे ती वरदान ठरणार. मिठावर पालथ्या पडलेल्या या गृहस्थाला ती बातमी पोचली असेल-नसेल; तो सध्या वेगळ्या वाहिन्या मोकळ्या करण्यात गर्क आहे.

मागून ढकललं. इंजिन आधी खोकतं, मग सुरात येतं. तुम्ही रेघेपासून लांब उभे राहा. मिठावर आवाज विचित्र पसरतो. आधी डोळ्यांना ठिपका दिसतो, मग ठिपका लाल होतो, आवाज नंतर येतो, आणि तो नीट कानात भरेपर्यंत गाडी दुसऱ्या टोकाचा ठिपका झालेली असते. पात्रता फेरीत एका दिशेने १९०.०७ मैल. किलोमीटरमध्ये तीनशेच्या वर. इंडियनच्या मोटरसायकलवर अधिकृतपणे नोंदलेला इतका वेग याआधी कुणाचा नव्हता.

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. याच मोसमातल्या एका फेरीत अर्धा पल्ला उलटल्यावर गाडी डुलायला लागली. वेग कमी करायला बर्टने अंग वर उचललं, तर वाऱ्याने गॉगल उपटून नेला आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. रेघ सुटली. मिठात रोवलेला पोलादी खांब थोडक्यात चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली. थोडं खरचटलं, बाकी काही नाही. या वयात माणसं न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घेतात.

विक्रम धरताना नियम असा, की दोन्ही दिशांनी जायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याची मदत कुणाला फुकट मिळू नये. दोन्ही फेऱ्या झाल्या, सरासरी निघाली, वहीत आकडा पडला : १८३.५९ मैल. या वेगाने एक मैल साडेएकोणीस सेकंदांत मागे पडतो. आधी ज्या कामाला तुम्ही कंटाळला होतात ना, स्पोकने माप घेण्याच्या, त्याची चाळीस वर्षं या साडेएकोणीस सेकंदांमागे आहेत. वेग इतक्या सावकाश तयार होतो.

इन्व्हरकार्गिल : १९७१

पुन्हा शेडमध्ये. या वर्षी रॉजर डोनाल्डसन नावाच्या तरुणाचा माहितीपट पूर्ण झाला आहे. २००५चा चित्रपटही पुढे हाच काढणार. कॅमेऱ्याने जे टिपलं त्यात सगळ्यात लक्षात राहणारी वस्तू गाडी नाही. भिंतीवरची फळी आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘वेगाच्या देवाला अर्पण’. तिथे फुटलेले पिस्टन, वाकलेले-मोडलेले रॉड, जळालेल्या झडपा रांगेने मांडून ठेवल्या आहेत.

करंडक दिवाणखान्यात मांडणारी माणसं पुष्कळ. मोडतोड मांडणारा विरळा. ही फळी म्हणजे निव्वळ विनोद आहे असं वाटेल, पण जरा जवळ जा. प्रत्येक तुकड्याची तुटलेली कड पाहा. कुठे धातू ताणून तुटलाय, कुठे वितळलाय, कुठे सूक्ष्म तडा आतून वाढत आला आहे. हे त्याचं ग्रंथालय आहे. पुस्तकातून जे शिकता आलं नसतं, ते इथे आडवं पडलंय, आणि पुढचा प्रत्येक रॉड या फळीवरच्या आधीच्या रॉडचं ऐकून बनवलेला आहे.

तब्येतीचीही त्याने लपवाछपवी केली नाही की भांडवल केलं नाही. छातीतली कळ आली की थांबायचं, ओसरली की पुन्हा पान्याला हात. इंजिन उघडता येतं, भाग बदलता येतो. आपल्या हाडामांसाचं तसं नाही, हे यंत्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाला इतरांपेक्षा चांगलं कळतं. म्हणूनच कदाचित तो त्या बाबतीत फार खटपट करत बसला नाही.

तेच गाव : १९७७

हा टप्पा लवकर उरकू. बर्टला पक्षाघाताचा झटका आला, रुग्णालयात ठेवावं लागलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की हातापायांचा मेळ पूर्वीसारखा जमत नाही. स्पोकने माप घेणाऱ्याला बोटांनी दगा दिला, तर उरतं काय?

त्याने व्यवहार केला, तोही डोकं शाबूत ठेवून. दोन्ही गाड्या विकल्या, पण बाहेरच्या संग्राहकाला नाही. त्या साउथलँड प्रांतातच राहाव्यात म्हणून गावातल्या नॉर्मन हेज या दुकानदाराला दिल्या. ६ जानेवारी १९७८ला बर्ट गेला, ७८ वर्षांचा असताना. गाड्या ठेवल्या गेल्या त्या ई. हेज अँड सन्समध्ये, आणि ते हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कानस, पाने, नटबोल्ट यांच्यामधून वाट काढत लोक स्काउट पाहायला जातात. संग्रहालयाच्या काचेआड तिला इतकी योग्य सोबत मिळाली नसती. २००६पासून याच गावात त्याच्या नावाने मोटरसायकल शर्यतींचा मेळा भरू लागला, ओरेटीच्या वाळूसकट.

ओहायो, अमेरिका : २०१४

शेवटचा थांबा एका कार्यालयात. इथे धूर नाही, आवाज नाही, तेलाचा वास नाही, नुसते कागद. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनकडे बर्टच्या मुलाने, जॉनने, एक शंका पाठवली आहे. वडिलांच्या १९६७च्या दोन फेऱ्यांचे वेग नोंदलेले आहेत : १८४.७१० आणि १८३.४६३. पाटी-पेन्सिल घ्या आणि सरासरी काढा. १८४.०८७ येते. वहीत मात्र १८३.५९ लिहिलेलं आहे. मिठावरच्या त्या दिवशी कुणीतरी हिशेबात गफलत केली आणि ती ४७ वर्षं तशीच राहिली.

असोसिएशनने चूक मान्य केली, विक्रम दुरुस्त केला. बर्ट जाऊन ३६ वर्षं झाली होती. ताशी अर्ध्या मैलाची वाढ. हयातीत एवढ्या वाढीसाठी त्याने अख्खा हिवाळा घालवला असता, दोन-तीन पिस्टन फळीवर चढवले असते. स्काउटचा वेग वाढला आणि त्यासाठी कुणाला कानस हातात घ्यावी लागली नाही, असं त्या गाडीच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं.